दहापैकी चार

इथे शाळेतल्या बाईंना अबला म्हणतात.
पहिल्या वर्षी मला हसू आवरेना.
साडेपाच फूट उंच बाई, आवाज असा
की खालचा इस्त्रीवालासुद्धा सरळ उभा राहतो,
आणि म्हणे अबला.

एकतीस वर्षं व्याकरण शिकवलं अबला लुलवांनी.
आता त्यांचा उजवा गुडघा माझ्याकडे,
त्यांची साखर, आणि रात्री दोनच्या हाका.

डिसेंबरात फहाहीलला समुद्रावरून
गार, जरा तेलकट वासाची हवा येते.
त्याच आठवड्यात विम्याचं सरकारी पत्रक.
निवृत्तांसाठी, पुढल्या वर्षापासून, सहा पानं.

आम्ही तयारीला बसतो.
खजुराचा रिकामा डबा उघडायचा,
गोळ्यांची पाकिटं चादरीवर मांडायची,
पत्ते लावावेत तशी.
मला अरबी वाचता येत नाही, गोळ्या येतात.
त्यांना अक्षर न् अक्षर येतं, गोळ्या मात्र सगळ्या सारख्याच.
दोघी मिळून वाचणारं एक माणूस होतं.

रक्तदाबाची निळी यादीतून गेली.
तिच्या जागी आलेली सुरीनं तोडली की चुरा होते,
म्हणजे जुनी दोन महिन्यांची आताच भरून ठेवायची.
डोळ्यांचे थेंब राहिले.
कानाचं यंत्र मिळेल, एकाच कानाचं.
"कुठला कान?" त्या कागदालाच विचारतात.
"उजवा लिही. डाव्या बाजूला सून बसते."

गुडघ्याचे व्यायाम वीस वेळा होते, बारा झाले.
मला कुणकुण लागली होती.
दिवाळीपासून त्या मिसरी पोराचे हात बघतेय,
टाच कुठे धरतो, कधी श्वास सोडायला सांगतो.
रात्री माझ्या खोलीत माझ्याच गुडघ्यावर करून पाहते.
उरलेले आठ माझे.

हे चालू असताना अबलांचं लाल पेनही चालू.
इथे क्रियापद चुकलं. इथे वाक्य लंगडतंय.
'कमी करण्यात आले आहे'. कुणी केलं?
कर्ता लपवायचा असला की हे लोक असंच लिहितात, म्हणाल्या,
आमच्याकडे त्याला अज्ञाताचा प्रयोग म्हणतात.
मी म्हटलं, आमच्याकडे कर्मणी.
म्हणजे काय?
कर्म ज्याचं त्याचं, असं काहीतरी सांगून टाकलं.

सहावं पान मी उशीखाली सरकवलं होतं.
फवाजनं ते परवा गाडीत बायकोला फोनवर वाचून दाखवलं,
मी मागच्या सीटवर, डाळिंबांची पिशवी मांडीवर.
घरची नर्स, पुढल्या वर्षापासून बाद.
सहा वर्षांत एवढं अरबी येतंच.

"पाच झाली. सहावं?"
कोरं असेल, मी म्हटलं.
त्यांनी हात पुढे केला,
कॉपी पकडल्यावर बाई करतात तसा, तळवा वर.

वाचलं. बराच वेळ वाचलं.
त्या पानावर एकही चूक काढली नाही.
मग सगळी पानं जुळवली, पहिल्याच्या कोपऱ्यात
दहापैकी चार लिहून गोल केला,
आणि पेन माझ्याकडे.
रोजच्या औषधांच्या तक्त्यात शेवटची ओळ रिकामी होती.
नाव लिही, म्हणाल्या. तुझ्या लिपीत लिही,
त्या आॅफिसातल्यांना जरा डोकं खाजवू दे.
सुलभा चौगुले, मी लिहिलं.
त्यांनी पुढे सकाळ, दुपार, रात्र,
तिन्ही चौकटींत खुणा केल्या.

एवढ्यानं काही होत नाही, ठाऊक आहे.
रविवारी फवाज बसेल, आकडे मांडेल.
तो वाईट नाही, हिशेबी आहे.
गडहिंग्लजला मी अजून कळवलेलं नाही.

तोवर टाच धरायची, हळू वर न्यायची.
वाहिद, इथ्नैन, तीन, चार.
पूर्वी माझ्या या मोजण्यावर त्या ओरडायच्या.
आज डोळे मिटून म्हणाल्या,
पाच.