इतर

धडगाव तहसील, खिडकी क्रमांक तीन.
माझ्या खुर्चीला एक चाक कमी.
कंत्राट अकरा महिन्यांचं, पासवर्ड नव्वद दिवसांचा,
आणि कुलूप काढताच भटूआप्पाचा सवाल:
"सर्व्हर उना का रे, भो?"
जशी काही शहाद्याची एसटीच.

येतो. कधी साडेअकराला येतो,
कधी नुसता गोल गोल फिरतो,
आणि बाहेरची रांग त्या गोलाकडे बघत
तंबाखू मळते.

सायसिंग पावरा डोंगर उतरून आला,
मुलीच्या दाखल्यासाठी.
मी गावाच्या चौकटीतला बाण दाबला,
गावं सरकत गेली:
खर्डी, खामला, मग थेट खुंटामोडी.
मधलं खुंटाबारी नाही.
तो म्हणाला, आहे. चाळीस घरं आहेत, हापसा आहे, मोहाची झाडं आहेत.
मी म्हणालो, यादीत नाही.
दोघंही खरं बोलत होतो.

यादीच्या तळाशी एक शब्द असतो, अडल्यानडल्यांसाठी.
तो दाबला. प्रिंटर घरघरला:
कुमारी सुमली सायसिंग पावरा,
राहणार इतर.
शिष्यवृत्तीचा अर्ज पुण्याहून परत.
शेरा: या नावाचं गाव आढळत नाही.

तेव्हापासून एक वही ठेवली, शंभरपानी.
एक: आडनाव नसेल तर फॉर्म पुढे सरकत नाही.
सात: डिंक काढणाऱ्यांची बोटं मशीन ओळखत नाही.
एकोणीस: नवी आवृत्ती आली. जुने अर्ज कुठे गेले?
कुणी मागितली नाही.
पडद्यावरचे साहेब विचारायचे, किती टक्के झालं?
वहीत टक्के नव्हते.

मग धुळ्याहून एक पोरगी आली,
हर्षाली भदाणे, सॉफ्टवेअरवाली.
आम्हाला वाटलं, प्रशिक्षण देईल, फोटो काढेल, जाईल.
तिनं स्टूल ओढलं
आणि दोन दिवस माझ्या पाठीमागे बसून राहिली.
रांग बघितली. गोल बघितला.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ती वही द्या ना जरा."
फोटो काढलेच तिनं, पानापानाचे.
एकेचाळीस नोंदी. भटूआप्पा दिवा धरून उभा, कारण वीज नव्हती.

महिनाभरानं एका सोमवारी यादी हलली.
खामल्याखाली नवीन ओळ.
मी सायसिंगला फोन लावला, लागला नाही;
बाजाराच्या दिवशी निरोप धाडला.
सुमलीचा दाखला निघाला,
गरम, शाई अजून ओली,
राहणार खुंटाबरी.

सायसिंगला वाचता येत नाही.
तो कागदावरून बोट फिरवत हसला.
मी खण उघडला, वही काढली.
बेचाळीस: एक काना.