सातवं कलम

दोनशे अकरा पानांचा तो दस्तऐवज
स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौदा दिवस पडून होता.
कायदाच आहे इथं तसा :
आधी चौदा दिवस वाचायचं, मग सही.
लॉर्ननं तो पहिल्याच रात्री मिटला.
मी रोज उघडला.

सातव्या कलमात सगळा खर्च उभा मांडलेला.
प्रवेशशुल्क एकोणपन्नास हजार,
व्हॅन, व्हॅनवरचं जांभळं चित्र,
शिड्या, विमा,
आणि गिऱ्हाइकाला दाखवायला एक खोटी भिंत
जिच्यावर खरे दिवे लागतात.
किमान आणि कमाल, असे दोन रकाने.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या लिहून
मी एवढं शिकले, की
किमानचा रकाना कुणासाठीच नसतो.

कागदगिरणी बंद झाली
तेव्हा सव्वीस वर्षांचे म्हणून मिळालेले पैसे
बँकेत गप्प बसून होते.
लॉर्न म्हणाला, बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाही.
मी म्हणाले, याला तर डोंगर विकूनही पुरणार नाही,
घर तारण ठेवावं लागेल.
दोघंही खरं बोलत होतो,
म्हणून भांडण लांबलं.

ओमाहात आठवडाभर प्रशिक्षण.
तिकीट आपलं, हॉटेल आपलं, सकाळची कॉफी कंपनीची.
रात्री फोनवर तो हरखून सांगायचा :
'संध्याकाळ' नावाचं एक बटण आहे.
दाबलं की पडदे उतरतात,
दिवे मंदावतात, भट्टी दोन अंश चढते,
कुणीतरी घरी आल्यासारखं वाटतं.
मी विचारलं, केवढ्याला?

आम्ही तुमच्या पाठीशी आहोत
असं शर्टाच्या पाठीवरच छापलं होतं.
शर्टाचे पैसे वेगळे.

जानेवारीत, उणे बावीस असताना,
युनिस हाल्वर्सनबाईंच्या घराची संध्याकाळ अडकली.
पडदे खाली, दिवे मंद, भट्टी बंद.
एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई कोट घालून
तळघरात टॉर्च धरून उभ्या,
आणि लॉर्न मदतकेंद्राच्या रांगेत नववा.
वाट पाहताना पियानो वाजत राहिला.
चाळीस मिनिटांनी तो सातवा झाला.
बाई म्हणाल्या, वाजवतो बरा आहे हो मुलगा.

मग त्यानं ऑशकॉशला फोन लावला.
पा हुआ श्योंग. ओमाहात शेजारच्या खुर्चीत बसायची,
सगळं हमोंग अक्षरांत टिपून घ्यायची.
करारात स्पष्ट आहे, पान एकशे तीस :
दुसऱ्याच्या हद्दीत काम करू नये.
ती बर्फातून हद्द ओलांडून आली,
बूट न काढता थेट तळघरात उतरली,
दोन तारा सोडवल्या, एक जोडली.
भट्टी खाकरली.
बाईंनी टॉर्च विझवला तो पार मध्यरात्री.

बिल झालं एकशे ऐंशी.
त्यातले बारा डॉलर साठ सेंट कंपनीला,
शेकडा सात, ढोबळ विक्रीवर.
नफा झाला का, हे करार विचारत नाही.
मी तेवढेच, बारा साठ, पा हुआला पाठवले.
तिनं परत पाठवले,
सोबत मिरचीच्या ठेच्याची बरणी,
झाकणावर चिकटवलेली चिठ्ठी :
माझ्याकडे तळघरं जास्त आहेत.
पुढच्या खेपेला तुमची पाळी.

मेमध्ये पहिल्यांदा
खर्चापेक्षा जमा चारशे सहा डॉलरनं वर गेली.
लॉर्नला लगेच सांगितलं नाही.
आधी पुन्हा एकदा बेरीज केली,
मग ठेचा ब्रेडवर लावून खाल्ला,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आमच्या घरात अजून साधीच बटणं आहेत.
तो जिना चढून गेला की
मी एक एक दिवा हातानं बंद करते,
मोजत.