अर्धी झोप

नारीनच्या पशुदवाखान्यात त्या दिवशी उणे चोवीस.
बोटं कापलेले हातमोजे घालून बेगिमाई बसली होती,
आणि मशीन तिला सगळं वाचू देत होतं:
कुठल्या कुरणावर किती मेंढ्या, कुणाला कधी टोचलं,
कुठली गाभण, कुठली लांडग्याने नेली.
पण एक आकडा लिहायला गेलं की
परवानगी नाही.

मी सगळं करून पाहिलं.
सात सात सात दिले, मालकी तिच्या नावावर केली,
रूट होऊन दरडावलं.
ढिम्म.
खिडकीमागच्या कारकुनासारखं एकच उत्तर: केवळ वाचनासाठी.

मग लॉगमध्ये, पार खाली, सापडलं.
पलीकडची विंडोज बंद झालीच नव्हती.
हायबरनेट होऊन पडली होती ऑक्टोबरपासून,
उशाशी सगळं उघडं टाकून.
आणि लिनक्सला एवढी रीत कळते की
झोपलेल्याच्या अंथरुणावर सामान रचू नये.

एक कमांड होती माझ्याकडे.
झोपच पुसून टाकते ती, स्वप्नासकट.
दोन सेकंदांचं काम.
बोट एन्टरवर टेकलं होतं
तेव्हा बेगिमाई म्हणाली, थांब, तोक्तोसुनला विचारू.

तोक्तोसुन नोवोसिबिर्स्कला, गोदामात खोकी उचलतो.
इथला डॉक्टर होता, अकरा वर्षं.
फोनमध्ये फोर्कलिफ्टची पिपाणी वाजत होती.
पासवर्ड? तो गप्प.
मग म्हणाला, घोडीचं नाव. सगळी लहान अक्षरं.
कुठली घोडी, हे बेगिमाईने विचारलं नाही.
टाइप केलं.

स्क्रीन उजळली. घड्याळात क्षणभर
ऑक्टोबरची दुपार, चार वाजून दहा.
तक्ता उघडाच, ओळ चारशे बारा:
तपकिरी मेंढी, डावा कान फाटलाय, उद्या पुन्हा बघ
आणि पुढे कर्सर लुकलुकतोय,
लिहिणारा नुसता हात धुवायला उठल्यासारखा.

सेव्ह केलं. बंद केलं, या वेळी पुरतं,
फास्ट स्टार्टअपची खोड मोडून.
इकडून पुन्हा माउंट करताना
बेगिमाईचा नंबर दिला, एक हजार एक,
आणि डिस्क मुकाट्याने सरकून बसली.

मी वायर गुंडाळत होतो.
नवी ओळ न घेता ती चारशे बारामध्येच शिरली,
त्याच्या शब्दांना लागून लिहिलं:
बघितली. उशिरा. कान भरून आलाय.

मग मान वर न करता विचारलं,
चहात मीठ चालतं ना तुला?