पानं टाकायची असतात

डुलुथमध्ये जानेवारीत गाडीलासुद्धा रात्री
भिंतीतल्या विजेची ऊब लावून निजवावं लागतं.
अशा एका गुरुवारी व्हर्ना लिंडक्विस्टच्या तळघरात
मी पहिल्यांदा बसले,
वीस डॉलरच्या चकत्या पुढ्यात घेऊन.
व्हर्नाने तीस वर्षं लोहखनिजाच्या जहाजांवर स्वयंपाक केला.
मला ती ब्रेंडा म्हणते. वृंदा तिच्या जिभेवर टिकत नाही.

पत्ते मला नवे नव्हते.
मिरजेला सुट्टीत झब्बू, मेंढीकोट, बदाम सात,
बदामाची सत्ती आली की मी चटईवर उडी मारायचे.
इथे सत्तीसोबत दुर्री आली
तर उडी सोड, तोंडही वाकडं करू नकोस, म्हणाली.
टाक.
आधी टाकायला शीक.
दहातले आठ हात टाक, उरलेल्या दोघांचा विचार कर.
मी तासभर टाकत बसले.
एवढ्या थंडीत गाडी काढून आले होते
ती काय पानं टाकायला?
हो, म्हणाली, आणि शेंगदाण्यांची वाटी पुढे केली.

मग जागा. शेवटी बोलायला मिळणं
म्हणजे अर्धं पान जास्तीचं.
हे मला लगेच कळलं.
आमच्याकडे आई शेवटी जेवायची,
कुणाच्या ताटात काय उरलंय
आणि कोण भूक नाही म्हणून खोटं बोलतंय,
सगळं बसायच्या आत तिला ठाऊक.

मधल्या ढिगातले पैसे तुझे नाहीत.
होते. टाकलेस तेव्हाच गेले.
त्यांच्यामागे जाऊ नकोस.
(बुडत्याचा पाय खोलात, मी मनात.)
चार बदाम जुळलेत, पाचवा हवाय, एकच पान यायचंय?
न दिसलेली सेहेचाळीस, त्यांत बदाम नऊ.
पाचात एकदा, धर.
ढिगात मागणीच्या चौपटीहून जास्त असेल तर रहा,
नाहीतर उठ, कॉफी घे.
पाचाचा हिशोब मला सोपा.
फार्मसीत दिवसभर मी गोळ्या पाच-पाच करून सरकवते.

आणि तोंडाकडे बघू नकोस, तोंड सगळेच सांभाळतात.
हात बघ.
ज्याचा हात थरथरतो तो थाप मारत नसतो,
त्याला खरंच काहीतरी लागलेलं असतं.

मार्चमध्ये, तळ्यावरचा बर्फ रात्री तडकत असताना,
मला दोन राण्या आल्या. इस्पिक आणि किलवर.
खाली राजा, नव्वी, चौकी, पुन्हा चौकी, तिर्री.
डेल आणि त्याचा मेहुणा केव्हाच बाजूला झालेले.
व्हर्नाने सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या.
हात असा थरथरला की निळी चळत कोसळली,
एक चकती घरंगळत माझ्या कोपरापाशी आली.

टाक, तिनेच शिकवलेलं सांगत होतं.
राजा असणार, किंवा चौकी.

पण मंगळवारी मीच भरली होती नारिंगी बाटली.
पिवळ्या गोळ्या, नव्वद, अठरा वेळा पाच.
दिवसातून तीनदा.
तो हात पानांमुळे थरथरत नव्हता.
म्हणजे त्या थरथरण्यात काहीच नव्हतं, राजा नाही, चौकी नाही,
किंवा असतीलही, पण हाताने ते सांगितलं नव्हतं.
आणि तिला हे माहीत होतं.
मला माहीत आहे, हेही?

पांढरा कोट गाडीतच होता, मागच्या सीटवर.
डेल म्हणाला, ब्रेंडा, झोपलीस का?

मी राण्या पालथ्या सरकवल्या.
व्हर्नाने ढीग दोन्ही हातांनी ओढला,
आपली पानं न दाखवता गड्डीत घातली
आणि पिसायला डेलकडे दिली.
पूर्वी ती स्वतः पिसायची.

पुढच्या महिन्यात काउंटरवर आली, टोपीवर बर्फ.
राण्या होत्या ना तुझ्याकडे? म्हणाली.
मी बाटली पिशवीत घातली.
सही इथे करा, म्हटलं.
तिने केली. बराच वेळ लागला.
मी मागच्या कपाटात काहीतरी शोधत राहिले.