जिभेला चिकटतं ते हाड

खुरिब्ग्याच्या रस्त्याला, टायरच्या दुकानामागे
बास्सूने पोत्यावर मांडलाय जबडा:
हातभर लांब, अकरा दात.
मोसासॉर, समुद्राचा राजा, सात कोटी वर्षांचा,
असं तो म्हणतो,
आणि आधी पुदिन्याचा चहा ओततो,
कारण चहा घेतलेला माणूस
लगेच उठून जात नाही.

गिऱ्हाईक माझ्यासोबत आलेलं. फेरवाके, गेंटचा,
धंद्याने दातांचा डॉक्टर.
उकिडवा बसून म्हणतो, काय सुरेख ओळ आहे!
साहेब, तिथेच तर चुकलं.
इतकी सरळ ओळ तुमच्या खुर्चीत बसून मिळते.
शिकार करणाऱ्याचे दात पडतात, पुन्हा येतात,
थोराच्या मुळाशी, आतल्या अंगाने,
पोराचा दात डोकं वर काढत असतो.
इथे अकराही एका वयाचे,
शाळेच्या फोटोला उभे केल्यासारखे.

मी पारख सांगते, पैसे त्याचेच घेते.
सुई लायटरवर लाल करून टोचायची.
दगड गप्प बसतो.
रेझिनला जळक्या कंगव्याचा वास सुटतो.
मग जीभ.
हो, जीभच, लाजू नका.
जुनं हाड जिभेला चिकटतं,
आतून पोकळ, तहानलेलं;
समुद्र गेल्यापासूनची तहान.
लुकणाला तहान नसते.
तिसरी खूण मी कुणाला सांगत नाही,
उद्या मला कोण बोलावील?

फेरवाकेने चाटलं. बास्सू आभाळाकडे बघत राहिला.

दात मात्र खरे आहेत, तेवढं सांगून टाकते.
फॉस्फेटच्या खाणीतून,
मजुरांच्या जेवणाच्या डब्यांतून सुटे आलेले,
अकरा जनावरांचे,
जिवंतपणी एकमेकांना कधी न भेटलेले.
खोटं आहे ते त्यांचं एकत्र असणं.

मग मी तो उलटा केला.
खालच्या अंगाला, जिथे कुणी ब्रश फिरवत नाही,
वाळूच्या लगद्यात बोटं उमटलेली होती.
चार नाहीत.
साडेतीन.

करंगळीशेजारचं अर्धं बोट बाने
दगड कापायच्या चक्रीला दिलं,
तेव्हा मी सात वर्षांची होते.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
आमच्याकडे सहा भरली.
रात्री अंगणात तो वाळू आणि गोंद मळायचा,
आई कणीक मळायची,
दोघं पाठीला पाठ लावून,
आणि कुठला वास कुणाच्या परातीतून येतोय
ते आम्हाला झोपेतही कळायचं.
म्हणायचा, इत्तो, एक तरी दात वाकडा बसवावा,
खऱ्यात असतो तसा.
पण वाकडा बसवला की घेत नाहीत गं.
लोकांना खरं हवं असतं,
फक्त नीटनेटकं.

त्या खळग्यांत मी माझी बोटं ठेवून पाहिली नाहीत.
फेरवाके बघत होता.

खोटा, मी म्हटलं. सोडा.
त्याने रुमालाने जीभ पुसली,
माझे दोनशे दिरहम मोजले
आणि काचा वर करून गाडीत बसून राहिला.

चहाच्या तळाशी साखर तशीच होती.
बास्सू, याचं काय घेशील?
त्याने खऱ्याचा भाव सांगितला.
आत्ताच खोटा म्हटलं ना मी?
म्हटलंस, तो म्हणाला,
आणि पोत्याचं टोक जबड्यावरून ओढून घेतलं,
उन्हात ठेवलेल्या पावावरून घेतात तसं.

मी घासाघीस केली.
चांगली अर्धा तास.
नाहीतर बा रागावला असता.