दोन काचांच्या मध्ये

तळ्यावरचा बर्फ दीड वीत झाला
की गावात कुणी कुणाला विचारत नाही.
करवती आपोआप खुंटीवरून उतरतात.
गावरिल आणि शेजारचा अयाल
पाण्याच्या लाद्या कापतात,
निळसर, आरपार, एखादीत अडकलेलं पान.
मी काठावर उभी राहून मोजते:
दोन माणसं, मे महिन्यापर्यंतचा चहा,
पंधरवड्याला एक न्हाणं,
आणि कुणी आलंच तर.
पासष्ट.
अंगणात उभ्या केल्या तेव्हा
सूर्य त्यांच्यातून पलीकडे आला
आणि कुत्रा त्याच्यावर भुंकला.

गोठा मी सारवला.
शेण, त्यावर पुन्हा शेण,
उघड्या हाताने,
कारण हातमोज्याला भेग कळत नाही.
बाहेरचा थर संध्याकाळपर्यंत दगड होतो.
आतून माघास हंबरली,
म्हणजे तिला ऊब लागली, किंवा भूक.
गाईचं नक्की सांगता येत नाही.

दूध ताटल्यांत ओतून रात्रभर बाहेर ठेवलं,
सकाळी ताटल्या उपड्या केल्या
आणि भाकऱ्यांसारखी चवड रचली कोठीत.
मासे पोत्यात उभे,
हलवलं की लाकडासारखे वाजतात.
लाल बेरी यंदा कमी, अस्वलाने आधी हात मारला.
सरपण वळचणीला टेकलं.
मोटारीची बॅटरी काढून आणली घरात,
तिला पलंगाखाली जागा दिली.

सार्दाना शहरातून फोनवर म्हणाली,
आजी, आता काय राहिलं?
म्हटलं, खिडक्या.

खिडक्या नेहमी शेवटी.
दोन तावदानांच्या मध्ये कापूस,
फटींत चिंध्या,
वर खळीने चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या.
तो कापतो, मी चिकटवते.
चाळीस वर्षं तो म्हणतो, तिरकी गेली.
चाळीस वर्षं मी म्हणते,
थंडीला काय कळतंय सरळ नि तिरकं.

त्या रात्री उणे एकेचाळीस.
सकाळी उठले तर हा उशा उचलून बघतोय.
चष्मा डोक्यावर नाही, बुटात नाही,
पावाच्या डब्यात नाही.
मी चहा घेऊन खिडकीपाशी गेले,
तर तो तिथे,
दोन काचांच्या मध्ये, कापसावर,
काड्या नीट मिटलेल्या,
तोंड तळ्याकडे.

मी हसले. गावरिल हसला नाही.
सुरी घेऊन आला,
पट्टीच्या कोपऱ्याला टोक लावलं.
हवेची एक बारीक धार आली
आणि त्याच्या मनगटाला चावली.
त्याने सुरी ठेवून दिली,
उचकटलेला कोपरा अंगठ्याने दाबला,
बराच वेळ दाबून धरला.
"राहू दे," म्हणाला. "बघू दे त्याला."

आता घरात एकच चष्मा, माझा,
एक काडी दोऱ्याने बांधलेली.
सकाळी त्याचा. वर्तमानपत्र तसंही
आठवड्याने येतं, त्याला घाई नसते.
संध्याकाळी माझा, बुटांचं फर शिवायला.
त्याच्या नाकावर तो
शाळेतल्या कडक बाईंसारखा दिसतो.
दोघांना एकाच वेळी हवा झाला
तर जो उठून चुलीत लाकूड घालेल, त्याला.

आमच्याकडे म्हणतात, हिवाळा बैल आहे,
गोठलेल्या समुद्रातून वर येतो.
दिवस मोठा व्हायला लागला
की त्याचं एक शिंग गळतं, मग दुसरं.
आम्हाला ते नेहमी उशिरा कळतं,
आमच्या बाजूच्या काचेवर
बोटभर पांढरं साचलेलं असतं.
यंदा पलीकडे कुणीतरी पहाऱ्याला आहे.

रात्री पहिल्या घावनाचा तुकडा चुलीला दिला.
दरवर्षी मागायची यादी असते.
यंदा कोठी भरलेली, गोठा लिंपलेला,
लाद्या अंगणात ओळीने उभ्या.
तरी विस्तव तुकडा खाईपर्यंत
काहीतरी बोलायला हवं, म्हणून म्हटलं,
त्याच्या काचा तेवढ्या तडकू देऊ नकोस.