सहाच मावतात

उबेराब्यात, बेकरीच्या मागच्या दाराशी
वाल्देमार शर्ट काढतो, चपला काढतो,
नळाखाली कोपरापर्यंत हात धुतो,
मग नखं, मग कान,
मग पुन्हा हात.
छत्तीस वर्षांचा गहू एका साबणानं जात नाही
हे त्याला ठाऊक आहे.
तरी धुतो.

पहाटे तीनला उठून रोज चारशे पाव,
लांबट, पाठीवर एकेक चीर.
निम्मं गाव त्याच्या हातचं खाऊन शाळेत गेलं.
आणि नात निघाली अशी,
की गव्हाचा कण पोटात गेला
तर तीन दिवस गुडघे छातीशी धरून पडायची.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भट्टी नको, घरचा ओव्हनही नको,
सांदीसांदीत पीठ बसलेलं असतं.
तो टोपी हातात घेऊन ऐकत राहिला,
चोरी पकडली गेल्यासारखा.

म्हणून हे यंत्र.
लेकीनं, जुसारानं, हप्त्यांवर आणलेलं.
काळं, अंड्याच्या आकाराचं, पोटात एक खण.
गव्हाला कधी न शिवलेलं.
"ही कसली भट्टी?" तो म्हणाला,
"केस वाळवायचं मशीन कोंबलंय डब्यात."
दोन दिवस त्यानं त्याच्याकडे पाठ फिरवली.

शिवाय करायचं होतं काय, तर चीजचा पाव.
ह्याला तो आजवर पाव म्हणालाच नव्हता.
बायकांचा रविवारचा उद्योग, म्हणायचा.
(पाव हा शब्द एकाच किनाऱ्यावरून निघाला,
थोडा आपल्याकडे उतरला, थोडा त्यांच्याकडे.
त्यांच्या डोंगरात गहू धड येईना,
तेव्हा कंदाच्या पिठालाच लोकांनी
ते नाव देऊन टाकलं.
त्यात काय नाही, हे डब्यावर छापायची वेळ
फार नंतर आली.)

तिसऱ्या दिवशी त्यानं दूध, तेल, मीठ उकळलं.
परातीत कसाव्याचं आंबवलेलं पीठ,
साबुदाण्याच्याच कुळातलं,
चिमटीत दाबलं की नव्या वहाणेसारखं करकरणारं.
त्यावर उकळी ओतली.
पीठ दचकलं. गोळा झालं. बोटांना चिकटून बसलं.
अंडी फोडली, नव्या किसणीवर चीज किसलं,
आणि सवयीनं मुठी आवळून मळायला गेला.

गव्हाची कणीक ताणली की परत येते,
तिला ओढ असते.
ह्याला कसली ओढ?
हे नुसतं धरून बसतं
रुसलेल्या पोरासारखं.
छत्तीस वर्षं मनगटात साठवलेलं सगळं
ह्या परातीत बिनकामाचं.

पहिली खेप: पाचव्या मिनिटाला डोकावला.
भट्टीवाल्याची खोड. सगळे खाली बसले.
दुसरी खेप: वरून तांबूस, आत गिळगिळीत.
त्यानं एक शिवी दिली, यंत्राला नाही,
नक्की कुणाला ते कळलं नाही.
तिसऱ्या खेपेला एकशेऐंशीवर काटा,
चौदा मिनिटं,
आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून
स्टुलावर बसून राहिला.

आत वारा घुमत होता.
मग वास आला.
चारशे पावांच्या वासात हा वास कधीच नव्हता,
आंबूस, दुधाळ, कडेनं जरासा करपट.

माइते आली. एक फोडला.
चीजची तार तिच्या हनुवटीपर्यंत लांबली.
दुसरा उचलता उचलता थांबली.
"तुझे हात बघू."
त्यानं दाखवले, उलटे, सुलटे.
तिनं वाकून हुंगले, अगदी डॉक्टरासारखे.
"साबण," म्हणाली,
आणि दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला,
चौथा खिशात घातला.

खणात सहाच मावतात.
पुढच्या सहांसाठी तो
तेल लावलेले हात हवेत धरून
ओट्याशी उभा राहिला,
कुठेच न टेकवता.